बाप्पाच्या हातातला मोदक

चहात साखर घालायच्या आधी आमच्या हरेशचं ऐका. जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात तो माझ्या शेजारी बसून गणपती रंगवतो. पेणच्या डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "मधुमेह नाही अजून, पण शुगर बॉर्डरवर आहे. गोड सोडा, रोज चाला, म्हणजे खाली येईल."

तेव्हापासून त्याची बायको मंदावहिनी जेवणाचा डबा घेऊन आली, की हरेशचे खिसे तपासायची, पिशवी झाडायची. काय सापडायचं नाय. वहिनी खूश, हरेश तिच्याहून खूश!

परवा वहिनी एका मूर्तीसमोर थबकली. सगळ्या गणपतींच्या हातात प्लास्टरचे मोदक, पण या एकाच्याच मोदकाला मुंग्या! तिने वास घेतला. खव्याचा!

"अवो, ह्यो काय प्रकार हाय?"

हरेश गंभीरपणे म्हणाला, "बाप्पाची पण शुगर बॉर्डरवर आलेली दिसते गो."

"व्हय? मग त्याला डोक्यावर घ्या नि दोघंपण चाला!"

हसताय काय? काल ती मूर्ती हरेशने खरंच डोक्यावरून चालत गिऱ्हाइकाच्या घरी पोचवली. मागून वहिनी ओरडत होती, "गणपती बाप्पा मोरया! पाय उचला जरा!"