रूथताई माझा प्रश्न घेऊन गेली

पाळकसाहेब, मंडळीतल्या भावाबहिणींनो, आणि रूथताईच्या बिल्डिंगमधून आलेल्या शेजाऱ्यांनो, सगळ्यांना सलाम.

आशिषने मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, अरे, मला कुठे असं उभं राहून बोलता येतं? तो म्हणाला, वत्सलाकाकी, आईसाठी तुम्हीच बोला. आता त्याच्या आईसाठी म्हटल्यावर नाही कसं म्हणू? पण जड जातंय. समोर तिचा फोटो ठेवलाय, त्यात ती छान हसतेय. खरी रूथताई हसली की तोंडावर पदर घ्यायची.

शेजाऱ्यांपैकी सगळ्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. माझा विनय आणि तिचा आशिष लहानपणापासूनचे मित्र. ठाण्याहून दोघे एकाच बाइकवरून घरी येत होते. खोपटच्या पुढे मागून टँकर आला. आशिष बाजूला फेकला गेला, त्याचा पाय मोडला. विनय मागे बसला होता. माझा विनय जागच्या जागी गेला.

आपल्या मंडळीत उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायची पद्धत आहे. ज्याचं काही भलं झालं तो उभा राहतो आणि सगळ्यांसमोर देवाचे आभार मानतो. अपघातानंतर मी पहिल्यांदाच चर्चला आले, आणि त्याच रविवारी रूथताई उभी राहिली. म्हणाली, देवाने हात देऊन माझ्या मुलाला वाचवलं. सगळे आमेन म्हणाले. आमेन म्हणायला काय जातं? मी उठले आणि सरळ घरी निघून गेले.

राग आला होता मला. तिचा आला होता, आणि त्याहून जास्त देवाचा. दोघे एकाच गाडीवर. एकाला हात दिलास, मग दुसऱ्याच्या वेळी तुझा हात कुठे होता? न्यायी म्हणतात ना तुला?

पुढच्या रविवारी रूथताई आंबिवलीला माझ्या दारात. मी दार उघडलं, पण ये म्हटलं नाही. तरी आली. माफी मागितली नाही, बायबलमधलं वचन वाचलं नाही, प्रार्थना करू का असंही विचारलं नाही. पिशवीतून ओल्या फडक्यात बांधलेले मोड आलेले वाल काढले आणि सोलायला बसली. आपल्या घरात बाई एकटीच राबतेय, किती वेळ नुसतं बघणार? मीही बसले.

मग दर रविवारी तेच. उपासना आटपायची आणि ही वाल घेऊन हजर. मंडळीतल्या बायका तिला सांगायच्या, वत्सलाला समजाव गं, देवाची इच्छा असते. तिने मला कधीच काही समजावलं नाही. आणि स्वतःही परत कधी साक्ष दिली नाही. आशिष चालायला लागला तेव्हा नाही, त्याला नोकरी लागली तेव्हाही नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, आभार मी घरी मानते.

परवा आशिष सांगत होता, त्यांच्या घरात वाल कोणी खातच नाही, कडवट लागतात म्हणून. मग आई दर आठवड्याला भिजवायची कशाला? अरे बाळा, वाल सोलायला वेळ लागतो. म्हणून.

शेवटी एकदा मीच तोंड उघडलं. म्हटलं, ताई, खरं सांग. तुझ्याला त्याने वाचवलं, मग माझ्याला काय त्यानेच ढकललं? तिचे हात थांबले. मग म्हणाली,

"मला ठाऊक नाही, वत्सला. मी त्याला रोज विचारते. न्यायी आहे असं मानते म्हणूनच विचारते. इथे नाही सांगितलं, तर तिथे गेल्यावर तोंडावर विचारीन. आधी तुझ्या विनयचं, मग माझं."

त्या दिवशी आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर चर्चला आले. उत्तर काही मिळालं नव्हतं. पण आता विचारणाऱ्या दोघी होतो.

मग तिचं दुखणं निघालं, तेही पोटात, उशिरा कळलेलं. शेवटी शेवटी तिला बोलवत नव्हतं. मी उशाशी बसलेले. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "तुझं लक्षात आहे माझ्या." कशाबद्दल, ते मला विचारावं लागलं नाही.

आशिष, खाली बघू नकोस. वर बघ बाळा. तू माझ्यासमोर आलास की मान खाली घालतोस, मला दिसतं ते. तुझ्या आईने माझ्याखातर जी साक्ष परत कधी दिली नाही, ती आज मी देते. मंडळी, देवाने आशिषला वाचवलं. त्याबद्दल मी त्याचे आभार मानते.

आणि विनयचं काय? ते मला अजून ठाऊक नाही. ते विचारायला रूथताई गेली आहे. आता पोहोचली असेल. त्याच्यासमोर उभी असेल, पदर सावरत. तिचा आवाज मुळातच बारीक.

तेव्हा सगळे उभे राहू या, आणि थोडा वेळ कोणी काही बोलू नका. तिला विचारू दे.

सलाम, रूथताई.