घरचं काम धरत नाहीत

...आणि वर मलाच म्हणतात, "शर्मिष्ठाताई, किती भाग्यवान हो तुम्ही!" कोण? मी? तुम्हाला सांगते, अख्ख्या मुलुंडात माझ्याइतकं कौतुक झालेली आणि माझ्याइतकी दमलेली बाई दुसरी सापडायची नाही!

आमचा अनय, नववीतला घोडा, स्वतःच्या हाताने पाणी घेईल तर शपथ! म्हणून त्याला घातला सोसायटीजवळच्या युवा मंडळात. तिथे म्हणे बटण शिवायला, कुकर लावायला शिकवतात, आणि मग लोकांच्या घरी मदतीला पाठवतात. म्हटलं, झकास! माझी अपेक्षा काय होती हो? एक कप चहा. पोराच्या हातचा, आयता. बस!

आणि शिकला ना पोरगा! तळमजल्यावरच्या दादूआजोबांची गॅलरी धुतो, वनमालाताईंना भाजी चिरून देतो, लिफ्टमध्ये जो भेटेल तो, "अनयने काय फक्कड चहा पाजला हो!" आणि घरी? सोफ्यावर आडवा. "आई, पाणी दे ना." म्हटलं, "अरे, लोकांच्या गॅलऱ्या धुतोस, आपला कप तरी विसळ!" तर म्हणतो कसा, "आई, मंडळात कार्डावर सही घेऊन सेवेचे तास मोजतात. घरचं काम धरत नाहीत."

धरत नाहीत! गेले तडक मंडळाच्या विशाल सरांकडे. ते आपले गोड हसून, "काकू, समाजसेवा म्हणजे समाजाची ना? घरचं धरलं, तर आया काय, कोथिंबीर आणली तरी सही देतील!" अहो, मग मी काय समाजाच्या बाहेरची?

बी विंगमधली जानकी, तिची अक्षताही मंडळातच. जानकी म्हणाली, "अगं, आमची बया तुमचा जिना झाडते, आणि स्वतःची वेणी माझ्याकडून घालून घेते!" मग आम्ही दोघींनी डोकं लढवलं. दर रविवारी तुझी माझ्याकडे, माझा तुझ्याकडे. दोघांनाही घर परकं, नियमात फिट्ट!

पण वाट लागली ना! परकी मुलगी येणार, तिला आपला ओटा तसाच कसा दाखवायचा? पहाटे उठून मीच घासला, जाळ्या काढल्या, सोफ्याखालून अनयचे मोजे ओढले... अक्षता आली, बघते तर घर लख्ख! "काकू, इथे तर कामच नाहीये!" मग आलेल्या पोरीला तसं कसं पाठवायचं? पोहे केले. वर तिच्या कार्डावर सही!

शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला नियम. मागच्या रविवारी चांगली साडी नेसले आणि जानकीकडे पाहुणी म्हणून जाऊन बसले. अनय ट्रे घेऊन आला, मला बघून चपापला, पण कप ठेवला पुढ्यात. घोट घेतला... आलं ठेचलेलं, साखर कमी, अगदी मला लागतो तसा. न विचारता! डोळे भरूनच आले हो. म्हटलं, "तुला रे कसं ठाऊक?" "रोज बघतो ना, तू करतेस तेव्हा." बघतो! सोफ्यावरून!

मी डोळे पुसतेय तोवर कार्ड पुढे केलं. "आई, सही कर ना. इथे तू घरची नाहीस, चालतं."

केली सही! आता दर रविवारी साडी नेसून दोन जिने उतरते, दोन चढते, पोटच्या पोराच्या हातचा चहा पिऊन येते. घरी येऊन टेकते न टेकते तोच, "आई, पाणी दे ना..." देते की! इतकी वर्षं देतेच आहे... माझे तास मोजायला गेलं तर मंडळ बंद पडेल, पण म्हणतात ना, घरचं काम धरत नाहीत!