तक्रारीवर तक्रार

अब्दुल्ला : सात. चहात माशी.

सुरैय्या : आठ. ही खुर्ची खाडीकडे घसरते. तिला मला बुडवायचंय.

अब्दुल्ला : नऊ. तळोज्याच्या कारखान्यांकडचा वारा सुटला की बिस्किटालाही औषधाची चव लागते.

सुरैय्या : दहा. रिटायर झालेला नवरा.

अब्दुल्ला : ही होडीवरची तक्रार नाही.

सुरैय्या : होडीवरच बसलाय ना तो? आणि उत्तर द्यायचं नाही, तुमच्याच जहाजाचा कायदा.

अब्दुल्ला : चांगला कायदा आहे. छत्तीस वर्षं भटारखाना सांभाळला. बावीस माणसं, रोज कुणाला मीठ कमी, कुणाला रोटी कच्ची. एकाने तक्रार केली की दुसऱ्याने उत्तर नाही द्यायचं, आपली पुढची सांगायची. एकदाही मारामारी झाली नाही.

सुरैय्या : अकरा तुमची.

अब्दुल्ला : अकरा. डावा हात भरून आलाय. सकाळी मी पाण्याचा कॅन होडीत चढवला ना.

सुरैय्या : बारा. भर खाडीत साखरेला मुंग्या. या पोहत आल्या की रिक्षाने?

अब्दुल्ला : तेरा. बायको हसवते. हसलं की दुखतं.

सुरैय्या : कुठे दुखतं?

अब्दुल्ला : उत्तर द्यायचं नाही.

सुरैय्या : आग लागो तुमच्या कायद्याला. घाम बघा किती आलाय.

अब्दुल्ला : ऊन आहे. ही चौदावी धर.

सुरैय्या : आपण ताडपत्रीखाली बसलोय, राहिलचे अब्बा.

अब्दुल्ला : पंधरा. छातीवर कुणीतरी बसलंय.

सुरैय्या : इंजिन चालू करा. घरी जाऊ.

अब्दुल्ला : खाली बघ. नुसता चिखल आहे. पाणी सहाला येणार.

सुरैय्या : आत्ता दीड वाजलाय. मी कोळीवाड्यातल्या प्रभाकरला फोन लावते.

प्रभाकर : बोला चाची. झाली का खाडीची सहल?

सुरैय्या : प्रभाकर, होडी चिखलात बसलीय. चाचांच्या छातीत दुखतंय. आम्ही जुन्या मिठागराच्या मागे आहोत.

प्रभाकर : तिथं कशाला घुसले? आज अष्टमी हाय.

सुरैय्या : सकाळी भरपूर पाणी होतं. सहाला परत येईल म्हणाले, मोबाईलवर बघून.

प्रभाकर : मोबाईलवर येळ बगितली, पानी किती ते नाय बगितलं. भांगाचे दिवस हायत चाची, भरती कमी. त्यातबी सकालचं पानी मोटं, सांजचं लहान. सहाला घोटाभर येईल. त्यानं होरी उचलायची नाय. छत्तीस वर्सं जहाजावर होते ना चाचा?

सुरैय्या : जहाजावर त्यांना तिथी कोण विचारणार? ते जेवण करायचे.

प्रभाकर : ऐका. त्यांना झोपवू नका, टेकून बसवा. आनि चिखलात पाय टाकू नका, कमरेपर्यंत जाल. मी आन् शुक्रा फली घिऊन येतो. दवाखान्याची गाडी बांधावर बोलावतो.

सुरैय्या : किती वेळ?

प्रभाकर : पाऊन तास. त्यांना बोलतं ठेवा.

अब्दुल्ला : काय म्हणाला?

सुरैय्या : येतोय. टेका इथे, माझ्या खांद्याला. चला, सोळावी सांगा.

अब्दुल्ला : तुझी पाळी आहे.

सुरैय्या : माझी पाळी सोडली. सांगा.

अब्दुल्ला : सोळा. तुझा खांदा टोचतो.

सुरैय्या : सतरा. चाळीस वर्षांनी सांगताय. अठरा?

अब्दुल्ला : थांब जरा.

सुरैय्या : थांबायचं नाही. चहा वाईट होता म्हणा. राहिल फोन करत नाही म्हणा. काहीही म्हणा. अठरा.

अब्दुल्ला : पाणी...

सुरैय्या : पाणी प्यायचंय की पाण्याची तक्रार? राहिलचे अब्बा. अठरा. अठरा, म्हटलं ना.

[कमरेइतक्या चिखलातून फळी ढकलत प्रभाकर आणि शुक्रा होडीला लागले तेव्हा पावणेतीन वाजले होते.]

प्रभाकर : चाची, जरा बाजूला व्हा. बगू द्या मला.

सुरैय्या : अठरावी त्यांची आहे.

प्रभाकर : चाची.

सुरैय्या : मी सतरा सांगितली. आता त्यांची.

प्रभाकर : हात सोडा त्यांचा. शुक्रा, तू पाय धर. आपन त्यांना फलीवर घेऊ. सावकाश.

सुरैय्या : प्रभाकर, सकाळी पाण्याचा कॅन त्यांनी नाही, मी चढवला होता.