सूर धरणारी

माझं माहेर जिंतूरकडचं. आमी गुरव, देवळातली सनई आमच्याच घरची. बाप वाजवायचा, भाऊ वाजवायचे, पोरींनी फकत ऐकायचं. हात लावला की बाप वरडायचा, ठिव खाली, दात पडतील. आज बी माझे दात बगा, सगळे शाबूत हायती.

लग्न होऊन पेडगावच्या पुढच्या खेड्यात आले, हितं बी महादेवाचं देऊळ, हितं बी सनई. मालक वाजवायचे आन दीर सूर धरायचा. सूर म्हंजे दुसरी सनईच असती, पर तिच्यातून एकच आवाज काढायचा, जरा बी तुटू द्यायचा न्हाई, मोठी सनई त्याच्या आधारानं हिंडती. मग दीर गेला सेलूला जिनिंगमधी कामाला, आन मालकाची सनई उघडी पडली. सासू म्हन्ली, सूनबाई, तू धर. मालक म्हन्ले, बाईमाणूस देवळात वाजवंल तर लोक काय म्हणतील? सासू लय खमकी, ती म्हन्ली, वाजवायला कोण सांगायलंय, नुसता सूर तर धरायचा हाय. तवापासून बोलायची रीतच पडली, ते वाजवतात, मी सूर धरते.

काय सांगू तुम्हाला, सासूनं भोपळ्याच्या पानाचा पोकळ देठ दिला, तांब्याभर पाणी दिलं, म्हन्ली फुकत बस. गालात वारा साठवायचा, फुकता फुकताच नाकानं दम घ्यायचा, बुडबुडे थांबले न्हाई पायजेत. थांबले की चुलीपासून वरडायची, तुटला! भाकरी थापतानी बी तिचा कान माझ्याकडंच. गाल असे दुखायचे की भाकर चावंना. पर आला सूर. मग रोज सकाळ-संध्याकाळ देवळाच्या पायरीवर, मालक पुढं, मी मागं, सगळी उमर तिथंच गेली.

परसाल मालक गेले. देवळाच्या कमिटीची माणसं आली, चांगली माणसं, न्हाई कशाला म्हणू. इचारलं, वैनी, तुम्हाला वाजवता येतं का? मी म्हन्लं, न्हाई बा, मी सूर धरते. खरं तेच सांगितलं की! ते म्हन्ले, मग ऱ्हाऊ द्या, मालकाची सनई मोबाईलमधी भरलेली हाय, तीच भोंग्यावर लावू. झालं. एका शब्दापायी माझी पायरी गेली. लय रडले, आन राग आला तो माझाच.

सकाळी भोंगा लागला की लोक म्हणायचे, बगा, जणू मालकच वाजवायलेत. आन मागं सूर कुणाचा? माझाच की! त्यात एका जागी मला ठसका लागलेला, तिथं सूर तुटतो, सनई एकटी पडती. रोज तिथंच. ऐकून जीव तुटायचा माझा. एक दिवस भांडे घासायचे तसेच टाकले, खुंटीवरचा सूर काढला, पायरीवर जाऊन बसले आन भोंग्यासंगं धरला. ठसक्याची जागा आली. भोंग्यातला तुटला, माझा न्हाई तुटला.

कमिटीतले तात्या आले, म्हन्ले, वैनी, मशीन हाय ना, कशाला दम घालवायलाव? मी म्हन्लं, तात्या, मशिनात बी मीच हाय, भोंग्यातला सूर तुटतो तिथं ऐका. दुसऱ्या दिवशी त्यांनी उभं ऱ्हाऊन ऐकलं. मग म्हन्ले, आवो, आमाला वाटायचं वाजवायचे ते मालकच, सूर आपला नुसता मागं. बसा वैनी, तुमची जागा तुमची.

आता रोज बसते. मोबाईलमधी मालक, पायरीवर मी. दम पुरंना पहिल्यावानी, म्हणून नातीच्या हातात देठ दिलाय, ती फुकायलीय तांब्यात, आन आता मी वरडते, तुटला!

तुमी एवढं ऐकलं, महादेव तुमचं भलं करो. पर लिवायलाव ना, तर एक ध्यानात ठिवा, बाई सूर धरती असं लिवू नका. ती चूक मी केली. वाजवती म्हणून लिवा.