चार हजार पंच्याण्णवच्या पुढे

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेला इंजिनिअर नुसता गप्प राहिला असता, तरी सोमवारी टीमचा प्रमुख झाला असता. पण गाल धरून बसलेली त्याची मोठी बहीण त्याला सोडेना.

"म्हणजे चूक तुझी?"

"माझीच, ताई. आमचा कंपायलर लोकांचे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवतो. मेमरीत किती पुढे जायचं, ते लिहायला यंत्राच्या आदेशात चार हजार पंच्याण्णवपर्यंतच्या आकड्यापुरतीच जागा असते. आकडा त्याहून मोठा आला, की माझा कोड तो गुपचूप छाटायचा. मग माहिती भलत्याच पत्त्यावर."

"तपासलं नव्हतंस?"

"तपासलं की! पण चाचण्या झटपट उरकाव्यात म्हणून आम्ही छोटेच प्रोग्रॅम घेतो. त्यांत आकडा तिथवर जातच नाही."

"आणि तुमचा कंपायलर वापरणाऱ्या ज्या बाईंचा प्रोग्रॅम कोसळत होता, त्यांना काय सांगितलंस?"

"तुमचाच कोड गचाळ आहे म्हणून. लेखी. काल त्यांना प्रकल्पातून काढलं."

"आता?"

"एका ओळीत दुरुस्त केलंय. नोंदीत 'किरकोळ सुधारणा' लिहून टाकतो. कोण बघतंय?"

"मी बघतेय. काढ फोन. त्यांना लिही, त्यांच्या साहेबांनाही लिही."

"ताई, प्रमुखपद जाईल."

"जाऊ दे. लिही."

"...पाठवलं. घे, बाईंचं उत्तरही आलं."

"वाच."

"'तीन आठवडे रोज माझाच कोड वाचत होते. शेवटी वाटलं, मला हे काम येतच नाही.'"