मागचं फाटक उघडण्याबाबत

(वॉर्ड कार्यालयातली हेडक्लार्कची खोली. जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली.)

हेडक्लार्क: रडायचं नंतर. आधी हिशेब. शनिवारच्या त्या खेळातून कोणाला काय मिळणार होतं ते मांडू. तुझ्या बाईंना?

मुलगी: मी रडत नाहीये. सर्दी झालीय.

हेडक्लार्क: बरं, सर्दी. बाईंना काय मिळणार होतं?

मुलगी: उपक्रमशील शाळेची ढाल.

हेडक्लार्क: मुख्याध्यापकांच्या कपाटावर ठेवायला. आमच्या साहेबांना?

मुलगी: फोटो.

हेडक्लार्क: तो मिळाला. 'चिमुकले अधिकारी, मोठी जबाबदारी.' साहेब मधोमध आणि चिमुकले कडेला, निम्मे कापलेले. मला?

मुलगी: तुम्हालाही काही मिळणार होतं?

हेडक्लार्क: अर्धा दिवस चहा! नववीची बारा पोरं आमची टेबलं सांभाळणार आणि मी कँटीनमध्ये पाय पसरून बसणार. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आता राहिलीस तू. तू कशाला माझ्या खुर्चीत बसलीस?

मुलगी: नागरिकत्व उपक्रमाचं प्रमाणपत्र मिळतं.

हेडक्लार्क: प्रमाणपत्रासाठी शनिवारी सकाळी कोणी अंथरूण सोडत नाही.

मुलगी: ज्याचं काम सगळ्यांत चांगलं, त्याला विद्यार्थी संसदेच्या शिबिराला पाठवतात. चार दिवस. बंदरावर. बाईंनी माझं नाव ठरवलंय.

हेडक्लार्क: समुद्र बघायचा होता म्हण की सरळ.

मुलगी: समुद्र नाही.

हेडक्लार्क: मग काय, मासे?

मुलगी: काका, बाईंनी लिहून दिलेल्या माफीपत्राचं बोला ना. दोनच्या आत माझी सही झालेलं पत्र बाईंकडे पोचायला हवं. नाहीतर माझ्या जागी दुसरीचं नाव पाठवणार आहेत.

हेडक्लार्क: मग कर सही. पेन देऊ?

मुलगी: वाचलंत का तुम्ही? 'मी खोडसाळपणे कार्यालयाचा शिक्का वापरून...' मी खोडसाळपणा केलेला नाही.

हेडक्लार्क: मग काय केलंस? तुम्हा पोरांना मी निकाली निघालेल्या अर्जांचा गठ्ठा दिला. जुने, नामंजूर झालेले, सरावासाठी. वाचा, निर्णय लिहा, कारण लिहा, संपलं. बाकीच्यांनी बारा-बारा अर्ज उडवले. तू अडीच तासांत एक.

मुलगी: एक नव्हता. एकाच माणसाचे चौदा होते. बागेचं मागचं फाटक उघडा म्हणून.

हेडक्लार्क: आणि त्यावर 'मंजूर, सोमवारपासून उघडावे' असं लिहून दणकन शिक्का मारलास.

मुलगी: शिक्का तुम्हीच दिलात.

हेडक्लार्क: खेळातला शिक्का तुमच्या बाई शाळेतच विसरल्या होत्या! म्हटलं, घे हा, मार, नंतर कागद फाडून टाकू. चहा पिऊन येतोय तोवर शिपायाने तुझा कागद जावकेच्या पिशवीत टाकलेला. बागेच्या माळ्याने शिक्का बघितला आणि सोमवारी सकाळी मागचं फाटक सताड उघडलं. सही कोणाची आहे ते कोणी वाचलंच नाही. पाच दिवस बाग दोन्ही बाजूंनी उघडी, आणि मला काल साहेब विचारतात, हा आदेश कोणाचा? म्हटलं, नववी ब.

मुलगी: असं म्हणालात?

हेडक्लार्क: मनात. तोंडाने म्हटलं, चौकशी करतो. आता साहेबांना लेखी खुलासा हवाय. तुझ्या पत्राची नक्कल जोडली की पोरीचा पोरखेळ ठरतो, आदेश आपोआप रद्द, फाटकाला कुलूप. तू शिबिराला, मी वरच्या मजल्यावर.

मुलगी: वरच्या मजल्यावर काय आहे?

हेडक्लार्क: अधीक्षकांची खोली. दोन महिन्यांनी रिकामी होतेय, यादीत मी पहिला. खिडकीची खोली आहे.

मुलगी: खिडकीतून काय दिसतं?

हेडक्लार्क: मला काय माहीत? तिथे मी आजवर फायली घेऊन उभाच राहिलोय, पाठ खिडकीकडे करून.

मुलगी: काका, त्या चौदा अर्जांवर नामंजूर कोणी लिहिलंय?

हेडक्लार्क: कार्यालयाने.

मुलगी: अक्षर तुमचं आहे. शनिवारी फळ्यावर सूचना लिहिल्यात तेव्हा ओळखलं. चौदाही वेळा एकच ओळ. 'कुलूप लावण्यास कर्मचारी उपलब्ध नाही.'

हेडक्लार्क: नव्हता उपलब्ध. मागे बागेतला पंप चोरीला गेला, तेव्हापासून नियम आहे. संध्याकाळी सहाला मागच्या फाटकाला कुलूप लावून किल्ली जमा करणारा माणूस पाहिजे. माणूस नाही तर फाटक नाही.

मुलगी: फाटकाची परवानगी कोण देतं? मोठे साहेब?

हेडक्लार्क: एवढ्याशासाठी साहेब कशाला? ती मीच देतो.

मुलगी: म्हणजे तुम्हाला देता आली असती.

हेडक्लार्क: तुला नागरिकशास्त्रात किती पडतात गं?

मुलगी: तुम्ही ते अर्ज वाचलेत का?

हेडक्लार्क: पहिला वाचला होता. दोन पानी. बायको बागेपलीकडच्या शुश्रूषागृहात, भेटीची वेळ चार ते पाच, गुडघे दुखतात वगैरे.

मुलगी: दुसरा दीड पानी होता. सहाव्यात गुडघे गेले. नवव्यात बायकोचं नावही गेलं, नुसतं 'कुटुंब' लिहिलंय. चौदाव्यात एकच ओळ. 'मागचे फाटक उघडावे, ही विनंती.' अक्षर मात्र पहिल्याइतकंच सुंदर. मला वाटलं, आणखी एक अर्ज आला तर त्यात नुसती सही असेल.

हेडक्लार्क: तू शाळेत हे असंच बोलतेस?

मुलगी: शाळेत कोणी विचारत नाही.

चष्मेवाले आजोबा: आत येऊ का साहेब?

हेडक्लार्क: आज भेटीचा दिवस नाही, बाबा.

चष्मेवाले आजोबा: ठाऊक आहे. या कार्यालयाचे दिवस मला तोंडपाठ आहेत. मी चष्मेवाला, बागेसमोरचं दुकान. सकाळी माळी म्हणाला, उद्यापासून फाटक पुन्हा बंद. म्हणून अर्ज घेऊन आलोय. पंधरावा.

मुलगी: तुम्ही ते?

चष्मेवाले आजोबा: हो बाळ. तुझ्या चष्म्याची काडी सैल झालीय, दे इकडे. बोलता बोलता आवळतो, खिशात पेचकस असतोच. साहेब, ज्या अधिकाऱ्यांनी फाटक उघडलं त्यांना मला एकदा नमस्कार करायचाय.

हेडक्लार्क: करा. त्यांच्याच चष्म्याची काडी आवळताय.

चष्मेवाले आजोबा: काय म्हणता! बाईसाहेब, मग ही दुरुस्ती फुकट.

मुलगी: आजोबा, आता तुम्हाला रोज पूर्ण तास मिळतो ना?

चष्मेवाले आजोबा: बागेतून दहा मिनिटं लागतात. मोठ्या रस्त्याने वळसा घातला की, माझे हे गुडघे धरून, सव्वा तास. दुकान साडेतीनपर्यंत उघडं ठेवावंच लागतं, नाहीतर तिथली फी कुठून भरू? म्हणजे पाच वर्षं मी पावणेपाचला पोचतोय. पंधरा मिनिटं भेट, त्यातली पाच धाप लागण्यात. सोमवारी फाटक उघडं दिसलं, वाटलं माळी विसरला. शिरलो. चारला तिच्या खोलीच्या दारात! कोरडा ठणठणीत.

मुलगी: मग त्या काय म्हणाल्या?

चष्मेवाले आजोबा: म्हणाली, 'कोण पाहिजे आपल्याला?'

हेडक्लार्क: ओळखलं नाही?

चष्मेवाले आजोबा: कसं ओळखणार? अलीकडे तिचं बरंच पुसट झालंय. तिचा नवरा पावणेपाचला येतो. घामाघूम, लंगडत, शर्ट पाठीला चिकटलेला. हा कोण भांग पाडलेला माणूस चारलाच येऊन उभा? मी म्हटलं, अगं, मीच. तर घाबरली. घंटी वाजवायला निघाली. मग म्हटलं, चुकलो बाई, शेजारच्या खोलीत आलो होतो. तेव्हा शांत झाली. म्हणाली, 'बसा ना थोडा वेळ. आमचे हे येतीलच. त्यांना नेहमी उशीर होतो.'

मुलगी: आणि तुम्ही बसलात?

चष्मेवाले आजोबा: बसलो. ती सांगत राहिली. आमच्या ह्यांचं असं, आमच्या ह्यांचं तसं. घोरतात, हट्टी आहेत, बाजारात गेले की पिशवी विसरून येतात. आणि मग म्हणाली, 'लग्नाच्या वर्षी मला चष्म्याची हौस होती. नंबर नव्हता. ह्यांनी साधी काच बसवून चष्मा करून दिला आणि म्हणाले, नंबर आहे हो थोडा. चार वर्षं घातला मी. साधी काच आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ते इतके खूश होते.' साहेब, एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे ती मला बोलली नाही. परक्या माणसाला बोलली.

हेडक्लार्क: हं.

चष्मेवाले आजोबा: पावणेपाच झाले की उठतो. बाहेर नळावर तोंड ओलं करतो, जिना एकदा उतरून चढतो, म्हणजे धाप खरी लागते. मग आत. म्हणते, 'आलात? किती हो उशीर. आत्ताच एक गृहस्थ बसून गेले, फार सभ्य माणूस.' काल तर म्हणाली, 'तुम्हीही त्यांच्यासारखं नीट ऐकायला शिका.'

मुलगी: तुम्हाला वाईट वाटलं?

चष्मेवाले आजोबा: थोडा हेवा वाटला त्या गृहस्थाचा. हा घे चष्मा. नाकावर बसव, हां, आता सरळ आहे. साहेब, मी फाटक जन्मभर उघडं मागत नाही. ती रोज थोडं थोडं सांगते, आणि अजून मी स्वतःचं दुकान उघडलं तिथवरच आलीय. दहाच वर्षं झालीत सांगून. एकतीस उरलीत. तिला आठवतंय तोवर मला ऐकायचंय. एवढंच.

हेडक्लार्क: अर्ज द्या. 'विषय: पूर्वीचाच.' बस? खाली काहीच नाही?

चष्मेवाले आजोबा: बाकी सगळं आपल्याकडे आहे ना साहेब. चौदा वेळा.

हेडक्लार्क: बसा. तो शिक्का कुठे गेला? कपाटात मीच कुलपात टाकला. थांबा. मंजूर. कारण... कारण काय लिहू गं, नववी ब?

मुलगी: ते तुमचं तुम्ही लिहा.

हेडक्लार्क: 'शनिवारचा आदेश माझाच समजावा. कुलपाची व किल्लीची जबाबदारी: हेडक्लार्क, स्वतः.' झालं. बाबा, संध्याकाळी सहाला मी येऊन कुलूप लावीन, घरी जाता जाता. जरा वाकडी वाट आहे, पण मला चालायला डॉक्टरांनी सांगितलंच आहे.

चष्मेवाले आजोबा: साहेब, तुम्हाला काही त्रास तर नाही ना होणार?

हेडक्लार्क: त्रास कसला? तुम्ही निघा. साडेतीनला दुकान बंद करायचंय ना, आधी उघडा तरी.

चष्मेवाले आजोबा: बाईसाहेब, येतो. काडी पुन्हा सैल झाली तर दुकानात या. चार ते पाच सोडून.

मुलगी: काका, तुम्हाला त्रास होणार आहे ना?

हेडक्लार्क: आदेश माझा म्हटल्यावर साहेब विचारणार, मग खाली सही पोरीची कशी? म्हणजे शिक्का मी पोरीच्या हातात दिला आणि चहाला गेलो, हेही आलं. यादीत दुसरा आहे तो फार आनंदी माणूस आहे. आणखी आनंदी होईल.

मुलगी: आणि खिडकी?

हेडक्लार्क: त्याला विचारीन काय दिसतं ते. पण तू आता मोकळी. खोडसाळपणाच राहिला नाही, तर माफी कसली? हे पत्र फाड आणि पळ शाळेत... अरे, अडीच वाजले! दोनची मुदत होती ना? घड्याळ तुझ्या समोर होतं!

मुलगी: बघत होते.

हेडक्लार्क: मग बोलली का नाहीस?

मुलगी: आजोबा बोलत होते.

हेडक्लार्क: थांब, फोन लावतो. हॅलो, बाई? वॉर्ड ऑफिसातून. हो, इथेच आहे. नाही, पत्र नाही, आता त्याची गरजच... पाठवलं? केव्हा? दोन वाजून पाच मिनिटांनी. आणि परत नाही का घेता येणार? बरं. नाही, ती काही म्हणत नाहीये. ठेवतो.

मुलगी: मला माहीत होतं. बाई वेळेच्या पक्क्या आहेत.

हेडक्लार्क: समुद्र बघायचा नव्हता म्हणालीस. काय होतं तिथे?

मुलगी: बाबा जहाजावर असतात. त्या आठवड्यात जहाज दोन दिवस तिथे लागतंय. शिबिरातल्या मुलांना बंदर आतून दाखवतात, पास मिळतो. मागच्या वेळी आई आणि मी बंदराच्या गेटबाहेरून हात हलवला होता. एवढे लांब होते की ते बाबाच होते की दुसरं कोणी, हे आम्हाला अजून नक्की माहीत नाही.

हेडक्लार्क: किती दिवस झाले बघून?

मुलगी: अकरा महिने.

हेडक्लार्क: आणि आता पुन्हा?

मुलगी: माहीत नाही. जहाज कुठे लागेल ते कंपनी ठरवते.

हेडक्लार्क: हे आधी सांगितलं असतंस तर मी त्या म्हाताऱ्याला मध्येच थांबवलं असतं.

मुलगी: म्हणूनच नाही सांगितलं.

हेडक्लार्क: ये, बस जरा. चहा घेतेस? अर्धा कप. आता शेवटची बेरीज करू, मला त्याशिवाय चैन पडत नाही. ढाल बाईंना मिळेलच, त्यांचं काही गेलं नाही. साहेबांचा फोटो झालाच.

मुलगी: तुमची खोली गेली.

हेडक्लार्क: आणि तुझे अकरा महिने, वर पुढचे किती कोण जाणे. तुझं माझ्याहून जास्त गेलं, हे मी मान्य करतो.

मुलगी: आजोबांचं काहीच गेलं नाही ना? त्यांना तर तास मिळाला.

हेडक्लार्क: आपण दोघांनी एकदाच भरलं, बाळ. ते रोज भरतात. एक्केचाळीस वर्षं जिला 'अगं' म्हणून हाक मारली, तिच्यासमोर पाऊण तास हात जोडून बसायचं, आणि 'तुम्ही' म्हणायचं.