एका शब्दाचा खण

सुतार: ओढू नका हो ताई! अशानं हँडल हातात येईल आणि खण राहील तिथंच. सरका जरा, वाकू द्या मला.

लेक: सरकू कुठं? मागं कपाट, पुढं कपाट. या तळघरात एकाला सरकायचं तर दुसऱ्यानं जिना चढायचा.

सुतार: मग चढा की. पाच मिनिटं वारं खाऊन या.

लेक: नको. मी इथंच थांबते.

नाना: ती नाही जायची. बारा वर्षं सांगतोय, जा म्हणून. बाप सांगतोय तरी हलत नाही.

लेक: नाना, त्यांना काम करू द्या.

सुतार: बोलू द्या हो. गप्प काम मला जमत नाही. नाना, हा खण अडकून किती दिवस झाले?

नाना: तीन आठवडे. ही म्हणाली, हवा दमट आहे, लाकूड फुगलंय, सुटेल आपोआप. नाही सुटलं. आज मीच तुम्हाला निरोप धाडला.

सुतार: आणि बाकीचे खण? हे, हे, हे… सगळे सरकतात की लोण्यासारखे! फुगायचं तर सगळ्यांनी फुगावं. याला एकट्यालाच काय झालं? आत आहे काय, दागिने?

नाना: चिठ्ठ्या. चौऱ्याहत्तर.

सुतार: उधारीच्या?

नाना: अहो, शब्दकोशाचं ऑफिस आहे हे. अरबी लिपीत लिहिल्या जाणाऱ्या जेवढ्या भाषा, त्यांच्या शब्दांचा कोश. बाकीच्या चिठ्ठ्या छापखान्यात गेल्या. एकाच शब्दाच्या राहिल्यात, त्या या खणात.

सुतार: एका शब्दासाठी अख्खा खण? काय म्हणावं तुम्हाला! आमच्यात एका खणात संसार बसतो.

नाना: या इकडं. या टेबलावर धूळ असेल बघा. बोटानं काढून दाखवतो. उजवीकडून सुरुवात. हे वाकलेलं म्हणजे द. ही उभी काठी म्हणजे आ. आणि हे खाली लोंबतंय ते र. दिसतंय ना नीट?

सुतार: तुमचा हात फार थरथरतो बुवा. पण दिसतंय. दार!

नाना: वाचलंत की!

सुतार: वाचतोय कसला. तुम्हीच बोललात द, आ, र. आणि दार म्हणजे माझं पोटच आहे.

नाना: ते आपलं दार. हीच तीन अक्षरं अरबाला दाखवा, तो म्हणेल घर. फारसीवाल्याला दाखवा, तो मानेवरून हात फिरवेल. त्याच्याकडं हा फाशीचा खांब. आणि कुर्दी माणूस म्हणेल, झाड.

सुतार: आयला! म्हणजे ही पाटी कुठं लावली, तर एक जण चप्पल काढून आत शिरणार, दुसरा बोंबलत पळत सुटणार, आणि तिसरा सावलीला आडवा होणार.

नाना: हे लिहून ठेव गं.

लेक: कोशात असलं काही चालत नाही, नाना.

सुतार: हसलात मात्र ताई. आल्यापासून पहिल्यांदा. बरं नाना, हे सगळे एकमेकांचे कोण लागतात?

नाना: खांब आणि झाड सख्खी भावंडं. दोघांचं मूळ लाकूड. आपल्या देवदारातला दार तोच.

सुतार: देवदार म्हणजे देवाचं दार नव्हे? तीस वर्षं रंधा मारतोय त्याच्यावर, कुणी सांगितलं नाही!

नाना: देवाचं लाकूड. अरबीतलं घर मात्र यांचं कुणी नाही. ते गोल फिरण्यावरून आलंय म्हणतात. आपलं दार आलं द्वारातून. आणि हवालदार, जमादार यातला दार फारसीचाच, पण त्याचा अर्थ धरणारा.

सुतार: हवालदार काय धरतो ते मला विचारा. कॉलर.

नाना: चेहरा एक, आया निराळ्या. आणि आणखी एक गंमत. त्या लिपीत अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात. पण ही तीन हट्टी. पुढच्याचा हात धरत नाहीत. एका घरात राहतात, पण सुटी सुटी.

सुतार: बोलणं बंद असलेल्या घरासारखी.

लेक: झालं का तुमचं? पावणेचार वाजलेत. होत नसेल तर तसं सांगा, मी वरती कळवते.

सुतार: होत नाही असं कोण म्हणालं? एवढी घाई कसली?

नाना: मी सांगतो. पाच वाजता छापखान्याचा माणूस येणार. या शब्दाचा मजकूर त्याच्या हातात पडला की आमचा हा भाग पुरा. नाही पडला तर छापखाना दुसऱ्याचं काम घेणार आणि आमची पाळी आठ महिन्यांनी. भाग पुरा झाल्याशिवाय हिला इथून सोडत नाहीत, तसं लिहून घेतलंय. आणि हिचा नवरा दोन वर्षं दुसऱ्या गावी एकटा. दोन खिडक्यांची खोली घेऊन बसलाय.

सुतार: दोन! इथं तर एकच, तीही छताला चिकटलेली. काय दिसतं हो तिच्यातून?

लेक: लोकांच्या चपला. चपलांवरून मी आता माणसं ओळखते.

सुतार: अरेरे. नाही, नाही, उघडलाच पाहिजे हा खण. थांबा, मागनं बघतो.

लेक: मागं नका जाऊ. तिथं नानांची खाट आहे. सगळं हलवावं लागेल.

सुतार: कपाटामागं खाट?

नाना: राहतो मी इथं. ऑफिसनं दिलीय जागा, कामावर आहे तोवर.

सुतार: खाट नाही हलवत. नुसता हात घालतो. हां… ही मागची फळी… हे बोट गेलं… अगं आई गं.

नाना: काय झालं?

सुतार: फुगलंय कशाचं! मागनं स्क्रू मारलाय. फळीतून थेट खणात. नवा कोरा, चकाकतोय नुसता. डोकं चावल्यासारखं झालंय, स्क्रू ड्रायव्हरनं नाही पिळलेला. सुरीनं पिळलाय, भाजीच्या.

नाना: कुणी मारला?

सुतार: आता… म्हणजे… जुनाच असेल हो. कपाट करणाऱ्यानं मारला असेल. आमच्यात असतात असले आळशी.

नाना: चकाकतोय म्हणालात.

सुतार: उजेड तसा आहे इथं.

नाना: इथं उजेड नाही. माझा हात तुम्ही पाहिलात. हा हात चमचा तोंडापर्यंत नेतो तेच खूप. मग सुरी कुणी धरली?

लेक: मी.

सुतार: ताई, मी बाहेर उभा राहतो.

लेक: राहा इथंच. तुम्ही हलायचं तर मला जिना चढावा लागेल. हो, मी मारला. तुम्ही झोपला होतात तेव्हा.

नाना: आणि तिकडं तो? वाट बघतोय ना?

लेक: बघतोय. पत्र आलं की दोन दिवस मला जेवण जात नाही. पण मी गेल्यावर तुमचं काय, नाना? तुम्हाला दिसत नाही.

नाना: थोडं धूसर आहे.

लेक: परवा साहेबांसमोर चिठ्ठी उलटी धरून मान हलवत होतात!

नाना: उलटी होती? मग तेव्हाच सांगायचं नाही होय!

लेक: दीड वर्ष मी मोठ्यानं वाचते, तुम्ही मान हलवता, आणि वरच्यांना वाटतं तुम्ही तपासलंत. मी गेले की दुसऱ्या दिवशी कळणार. तिसऱ्या दिवशी तुमची खाट रस्त्यावर. माझ्याबरोबर चला म्हटलं, तर म्हणता या कपाटांशिवाय झोप येत नाही. मग काय करू मी? सुरी होती हाताशी.

सुतार: बोला काय करायचं. स्क्रू दोन मिनिटांत निघतो. पण बापलेकीच्या मधला स्क्रू तुम्ही सांगितल्याशिवाय मी काढत नाही.

नाना: काढू नका.

सुतार: अहो, मग बोलावलंत कशाला?

नाना: तुम्हाला जमणार नाही असं वाटलं होतं. म्हणजे मग मला म्हणता आलं असतं, सुतारही आणला बाबा, नाही उघडला.

लेक: नाना?

नाना: तो खण मला लागतच नाही, पोरी. चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या मला पाठ आहेत. कुठली बंदरावरच्या खलाशानं सांगितली, कुठली चहाच्या टपरीवर लिहून घेतली, शाई कुठं सांडली, सगळं. डोळे मिटून सांगतो. तसे ते आता मिटलेलेच आहेत.

लेक: मग तीन आठवडे बोलला का नाहीत?

(वर रस्त्यावरून चपला जातात.)

नाना: तू सुरी का घेतलीस? तेच माझं. तू स्क्रू मारलास, मी तोंड मिटलं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. मग तू चहा आणायचीस.

सुतार: शिकलेल्या माणसांचं अवघडच. आमच्यात असतं तर कुणी तरी आधीच आरडाओरडा केला असता.

नाना: कागद घे.

लेक: आणि तुमचं?

नाना: डोळ्यांचं उद्या मीच सांगतो साहेबांना.

लेक: आणि खाट?

सुतार: खाट हलकी आहे. मी उचलीन. कुठं ठेवायची ते मात्र तुम्ही दोघांनी ठरवा, मला विचारू नका.

लेक: ते ठरल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही.

नाना: त्याच्या खोलीला दोन खिडक्या आहेत ना?

लेक: दोन.

नाना: त्यातल्या एकीखाली कपाट मावेल का? रिकामं असलं तरी चालेल. वास पुरतो मला.

लेक: मावेल. मी लिहिते त्याला. मावेलच.

सुतार: रिकामं कपाट माझ्याकडं पडलंय एक. देवदाराचं. वासाला कमी नाही.

नाना: मग लिही आता. किती वाजले?

लेक: चार वीस.

नाना: वर मधोमध तीन अक्षरं काढ. जोडू नकोस, पण जवळ जवळ काढ. पहिला अर्थ, अरबी. घर, राहतं घर. चिठ्ठी पहिली, खलाशी, दात पडलेला, नाव सांगायला तयार नव्हता…

लेक: हळू, नाना. हात दुखतो.

सुतार: मी निघू का? हत्यारं तर पिशवीतच राहिली आज.

नाना: पाचपर्यंत थांबा. छापखान्याचा माणूस आला की दार उघडायला कुणी तरी हवं. आम्हा दोघांपैकी कुणी मध्येच उठेल असं वाटत नाही.